गोष्ट माहीत असताना पुन्हा बघितलेलं: काही सिनेमे, काही भाग

पावसाळा लागला तेव्हा घरात ठरवलं, रात्री नवीन काय आलंय ते शोधत बसायचं नाही. आधी बघून आवडलेलं, पण बरीच वर्षं झालेलं, तेवढंच पुन्हा लावायचं. दिवाळी होऊन गेली तरी ते चालू आहे. मराठी सिनेमे आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचे सुटे भाग, असा सगळा मिळून मामला. आता मनापासून सांगते, सिनेमाची पारख दुसऱ्या खेपेलाच होते. पुढे काय होणार ही ओढ संपलेली असते, त्यामुळे त्यात आणखी काय आहे ते दिसायला लागतं. काहींमध्ये फारसं काही निघत नाही. काहींमध्ये इतकं निघतं की पहिल्यांदा आपण नेमकं काय बघितलं होतं असा प्रश्न पडतो.

'कोर्ट' सगळ्यांत वर. चैतन्य ताम्हाणेंचा २०१४चा सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला भरलाय: त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला म्हणे. पहिल्या वेळी सगळं लक्ष खटल्याकडे होतं. या वेळी नजर गेली ती सरकारी वकील बाईंकडे. कोर्टात कायद्याची कलमं एका सुरात वाचून दाखवणाऱ्या या बाई लोकलमध्ये शेजारणीशी मधुमेह आणि ऑलिव्ह तेलावर बोलतात, घरी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करतात. गीतांजली कुलकर्णींनी त्यांना कुठेही खलनायिका केलेलं नाही. बाई आपलं काम उरकतायत, आणि त्या उरकण्यात एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य तुरुंगात चाललंय. राग यायचा तो इथे येतो.

मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष तर मी थांबवून पुन्हा लावली. गटारात उतरायच्या आधी तो झुरळं दिसतात का बघायचा, झुरळं असली म्हणजे आत श्वास घेता येईल, असं ती सांगते. हुंदका नाही, मागे व्हायोलिन नाही, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर चालून जात नाही. विचारलं तेवढ्याला उत्तर देते आणि जाते. खटल्याचा निकाल काय लागायला हवा, हे त्या झुरळांच्या वाक्यात सगळं आलं. पण कोर्टाचं कामकाज पुढे सरकतं.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, दालन अंधारात जातं. आणि सिनेमा मात्र संपत नाही. न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागलीये. पोरं येऊन ओरडतात, ते दचकून उठतात, एका पोराला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. हा तुकडा जादाचा आहे असं म्हणणारे मला भेटलेत. माझ्या मते तो काढला तर सिनेमा अर्धा उरेल. काळा कोट उतरवल्यावरचा माणूस बघितल्याशिवाय आतला न्याय कसा चालतो ते कळत नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' दुसऱ्यांदा बघणं जड जातं, हे आधीच सांगून ठेवते. या वेळी मला त्यातल्या जब्या या शाळकरी पोरापेक्षा त्याचा बाप जास्त दिसला. किशोर कदमांचा कचरू पाठीत वाकून चालतो, गावातल्या लोकांशी बोलताना नजर खाली ठेवतो आणि घरात पोरावर खेकसतो. गावातलं डुक्कर पकडताना ते अगदी हाताशी आलेलं असतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात असतोच. त्यानंतर मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं येतात. कॅमेरा त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. ज्याला दिसतील त्याला दिसतील.

आणि इथेच एक तक्रार. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो, पडदा काळा होतो. त्या काळ्या पडद्यावर थोडा वेळ बसून राहायला हवं. पण ज्या ॲपवर आम्ही बघत होतो त्याने श्रेयनामावली लगेच कोपऱ्यात ढकलली आणि कुठल्याशा विनोदी सिनेमाची जाहिरात सुरू केली. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढचं लागणं बंद करता येतं, ते आधी करून घ्या. मराठी सिनेमे शोधणं हाही तिथे एक वैताग आहे. नाव देवनागरीत टाकलं तर काही सापडत नाही.

'अस्तु'बद्दल मत थोडं बदललं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या या सिनेमात दोन मुलींमधले काही संवाद आता मुद्दा समजावून सांगितल्यासारखे वाटतात. पण स्मृती हरवलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत जातात तिथपासून पुढे एक फ्रेमही कमी करावीशी वाटत नाही. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ते त्या रिकाम्या, कुतूहलाने भरलेल्या नजरेत कळतं. माहूताच्या बायकोला ते 'आई' म्हणतात आणि ती, हातावर पोट असलेली बाई, त्यांना खरोखर लेकरासारखं भरवते. अमृता सुभाषना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात विसरायला लागलेलं वडीलधारं माणूस असेल तर हा सिनेमा एकट्याने बघू नका, भावंडांना सोबत घ्या.

'किल्ला' तसाच ताजा राहिलाय. अविनाश अरुणनी दिग्दर्शनही केलंय आणि कॅमेराही सांभाळलाय, आणि कोकणातला पाऊस इतका ओला मराठी पडद्यावर मी तरी दुसरीकडे बघितलेला नाही.

मालिकांमध्ये 'मालगुडी डेज'ने मला जिंकलं. शंकर नाग यांनी आगुंबेत चित्रित केलेली, प्रत्येक भाग जेवण आटपेस्तोवर संपणारा. यातली पोस्टमनची गोष्ट मुद्दाम बघा. थनप्पा पोस्टमन सगळ्या गल्लीचा आपला माणूस. एका घरी मुलीचं लग्न ठरलेलं, तो मुहूर्त टळला तर स्थळ जाणार, आणि नेमकी तेव्हाच त्या घरच्या एका नातेवाइकाच्या मृत्यूची बातमी टपालात येते. थनप्पा ती बातमी लग्न होईपर्यंत स्वतःजवळ ठेवतो. त्याने बरोबर केलं की चूक, यावर आमच्याकडे आई आणि माझ्यात झोपायची वेळ टळून गेली तरी वाद चालला. आईचं म्हणणं, सुतक लपवायचा अधिकार त्याला कोणी दिला? माझं म्हणणं, मुलीचं आयुष्य मार्गी लागलं ना. हल्लीच्या रोजच्या मालिकेत हाच प्रसंग आठवडाभर पुरवला असता, प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा नेऊन.

लहान मुलं सोबत असतील तर 'मालगुडी'पासून सुरुवात करा, मग 'किल्ला'. 'फँड्री' आठवी-नववीच्या मुलांना जरूर दाखवा, पण तुम्ही शेजारी बसा. 'कोर्ट'साठी सुट्टीचा दिवस काढा, टीव्हीचा आवाज वाढवा. त्यातली माणसं खऱ्या कोर्टातल्यासारखी पुटपुटतात. आमच्याकडे आता आईच्या आग्रहाखातर 'सिंहासन' लावायचंय.