जुनं शहर आधी की जुने मित्र आधी?

शाळेच्या ग्रुपवर भेटीची तारीख पक्की होते, हॉल ठरतो, आणि मनात येतं की याच फेरीत आपलं जुनं शहरही बघून घ्यावं. तिकीट काढलेलंच आहे, सुट्टी घेतलेलीच आहे. मीही तसंच केलं होतं. २७ वर्षांनी गेले, दीड दिवस राहिले, चाळीसेक जणांना भेटले, पोट दुखेपर्यंत हसले, आणि परतीच्या गाडीत बसल्यावर ध्यानात आलं की आमच्या गल्लीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. तीन वर्षांनी पुन्हा गेले. त्या वेळी ग्रुपवर काही कळवलं नाही. एकटी गेले, चार दिवस राहिले. दोन्ही फेऱ्यांनी मला भरभरून दिलं, पण जे दिलं ते एकमेकांसारखं अजिबात नव्हतं. तुमचंही जायचं घाटत असेल आणि कसं जावं ते ठरत नसेल, तर हा फरक आधी बघा.

गल्लीला माहीत असलेलं वय वेगळं

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी लहानपणीच्या घराकडे परत जाणाऱ्या लोकांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं की तिथल्या तिशी ओलांडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी अशी फेरी केलेली असते, आणि ओढ असते ती बहुतेक वेळा ५ ते १२ या वयात राहिलेल्या घराची. शाळेची बॅच मात्र आपल्याला ओळखते ती पंधरा-सोळाव्या वर्षाची. म्हणजे गल्लीत भेटायची असते आठ वर्षांची मी, आणि हॉलमध्ये पंधरा वर्षांची. दोघींना एकाच घाईत भेटायला गेलं की बोलक्या थोरलीपुढे धाकटी गप्प बसते. माझ्या पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं.

दोघींकडे जायच्या वाटाही निराळ्या आहेत. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वयस्कर माणसांना काही वास दिले, काही शब्द सांगितले आणि काही चित्रं दाखवली. वासानं जाग्या झालेल्या आठवणी बहुतांशी पहिल्या दहा वर्षांतल्या निघाल्या. शब्दांनी आणि चित्रांनी मात्र ११ ते २० या वयातल्या आठवणी वर आणल्या. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण दुसऱ्या फेरीत जे घडलं होतं त्याचा उलगडा झाला. आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात ओल्या चुन्याचा आणि जुन्या लाकडाचा वास अजून तसाच होता. कठडा तेव्हा माझ्या खांद्याला लागायचा, आता तळहात सहज त्यावर टेकला. दुसऱ्या वळणावर कठड्याच्या खालच्या बाजूला एक खाच आहे. ती खाच इतक्या वर्षांत मी एकदाही आठवली नव्हती, तरी बोट न शोधता तिथं जाऊन थांबलं. मी तिथंच पायरीवर बसले. बराच वेळ बसले. कुणी बरोबर असतं तर नक्की काहीतरी बोललं असतं, आणि मीही उत्तर दिलं असतं.

म्हणून शहर एकट्यानं आणि पायी बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीतून एक चक्कर मारून काहीच हाती लागत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. घर पाडलेलं असेल, किंवा त्या घरात तुमच्यावर काही वाईट गुदरलं असेल, तर एकटे जाऊ नका. बर्गर यांच्या अभ्यासातही असे लोक होते ज्यांना ती फेरी जड गेली. मोकळ्या जागेसमोर उभं राहून पोटात कालवतं, तेव्हा शेजारी एक माणूस हवं. ते बोललं नाही तरी चालेल.

चाळीस जण की चौघं?

मोठ्या मेळाव्याची बाजू आधी मांडते, कारण तो मनापासून भरवणारे लोक फार राबतात. ज्यांना आपण होऊन कधीच फोन केला नसता, अशी माणसं तिथं समोर येतात. माझ्या मागच्या बाकावर बसणारी, वर्षभरात दहा वाक्यंही न बोललेली मुलगी तिथं माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू मला एकदा घरापर्यंत सोडायला आली होतीस, माहितीये?" मला आठवत नव्हतं. तिनं मात्र ते इतकी वर्षं जपलं होतं. दोघा-चौघांच्या भेटीत ही मुलगी मला कधीच भेटली नसती. शिवाय ज्यांना समोरासमोर बसून बोलायचा संकोच वाटतो, त्यांना गर्दीचा आधार असतो.

पण गप्पा रंगायला गर्दी उपयोगाची नाही. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांच्या गप्पांची पाहणी केली, तेव्हा दिसलं की एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की हळूहळू दोन तुकडे पडतात. चाळीस जणांच्या हॉलमध्ये म्हणून आपण एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात फिरत राहतो, आणि सगळीकडे तीच माहिती देतो: कुठे असतेस, काय करतेस, मुलं किती. आठवणींचंही तसंच. सगळ्यांनी मिळून आठवायला बसलं की जास्त आठवेल असं वाटतं. प्रयोगांत उलटं दिसतं: तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेलं एकत्र केलं तर ते गटानं मिळून आठवलेल्यापेक्षा जास्त भरतं. दुसऱ्याच्या बोलण्यानं आपला धागा तुटतो. मोठ्या मेळाव्यात तेच चार-पाच किस्से पुन्हा पुन्हा निघतात ते यामुळेच.

ज्यांच्याशी खरा जीव जडला होता त्यांना वेगळं भेटा. चौघांहून जास्त नको, आणि एखादीच असेल तर चालता चालता भेटा. दुसऱ्या फेरीत मी आणि माझी जिवाभावाची मैत्रीण शाळेपासून घराकडे त्याच रस्त्यानं चालत आलो. तिला विचार करताना कानाची पाळी ओढायची सवय होती. ती अजून आहे. ज्या कोपऱ्यावर आमचे रस्ते फुटायचे तिथं आलो आणि दोघीही थांबलो, कारण तेव्हा आधी कुणी निघायचं यावरून रोज अर्धा तास जायचा. त्या संध्याकाळीही गेला.

आणि हिचा नंबर माझ्याकडे चार वर्षं पडून होता. इतक्या वर्षांनी फोन केला तर तिला काय वाटेल, या एका विचारानं हात अडत होता. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या २०२४ च्या अभ्यासात भाग घेतलेल्यांना जुन्या मित्राला निरोप धाडायची इच्छा होती, नंबर होता, वेळही दिला होता, तरी एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो धाडला. दुसरीकडे, २०११ मध्ये डॅनियल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी किमान तीन वर्षं संपर्क तुटलेल्या ओळखी पुन्हा जोडायला लावल्या, तेव्हा जवळच्या माणसांवरचा जुना विश्वास शाबूत असल्याचं दिसलं. हा अभ्यास कामाच्या ठिकाणच्या ओळखींवरचा होता. बालपणीच्या मैत्रीत तो विश्वास कमी असेल, असं मला वाटत नाही.

नवरा, बायको, मुलं यांना बरोबर न्यायचं का? पहिल्या खेपेला नको. त्यांना ती एक साधी भिंत दिसते आणि आपण ती दाखवण्याच्या नादात स्वतः बघायची विसरतो. पुढच्या खेपेला खुशाल न्या.

एकच फेरी जमणार असेल तर

बऱ्याच जणांना माझ्यासारखं दोनदा जाणं जमणार नाही. मग मेळाव्याच्या आदल्या दिवसाची पहाट हाती राहील असं पोचा. मित्राच्या घरी उतरू नका, कितीही आग्रह झाला तरी. पहिली सकाळ तुमच्या हातात राहत नाही. भल्या पहाटे, रस्ते रिकामे असताना गल्लीत जा. घरात दुसरं कुटुंब राहत असेल तर दाराबाहेरून विचारा, आणि नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. जिना, अंगण, शाळेचं फाटक एवढंही पुरतं. दुपारी त्या एक-दोघांना भेटा, आणि मेळावा दुसऱ्या दिवशी.

निघण्याच्या आठवडाभर आधी एका विश्वासाच्या मैत्रिणीला किंवा मित्राला फोन करा आणि आपल्यातलं कोण कोण गेलं ते विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. हॉलमध्ये गाणी लागलेली असताना मी एकाची चौकशी केली, आणि शेजारच्यानं हातातली ताटली खाली ठेवून हळूच सांगितलं की त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या आईला भेटायला जायचं होतं, पण गाडीची वेळ झाली होती. दुसऱ्या फेरीतला तिसरा दिवस मी त्यासाठी ठेवला.