पहिला वाडगा कोणता: हनोईचा फो की ह्वेचा बुन बो?

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी तिकडे निघालेलं असतं. बीफ खाणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: ते मसालेदार नूडल सूप पहिल्यांदाच खायचंय, तर फो खावा की बुन बो ह्वे? दोन्हीत तांदळाचे नूडल्स, बीफ आणि वाफाळता रस्सा. पण कोल्हापूरकराला सांगायचं, तर फरक अळणी आणि तांबड्या रश्श्याइतका आहे.

बहुतेक जण नवख्याला फो सुचवतात, कारण तो सौम्य. मला हे पटत नाही. तिखटामिठावर वाढलेल्या आपल्या जिभेला फोचा पहिला घोट फिका लागतो. मग आपण घाईघाईनं लिंबू पिळतो, मिरची घालतो, समोरच्या बाटलीतला सॉस ओततो, आणि ज्यासाठी तो रस्सा रात्रभर उकळत ठेवलेला असतो तेच हरवून बसतो. हनोईत पहिल्या दिवशी मी नेमकं हेच केलं. दुसऱ्या दिवशी काहीही न घालता प्यायले, तेव्हा कुठे कळलं की वाडग्यात काय आहे.

त्यात आहेत आपलेच मसाले. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धने आणि आपल्या मसाला वेलचीच्या कुळातली एक मोठी वेलची. फक्त यातलं काहीच वाटत नाहीत. अख्खे मसाले कोरडे भाजून, पुरचुंडीत बांधून हाडांच्या पाण्यात सोडायचे आणि अर्क उतरला की काढून घ्यायचे. आलं आणि कांदा आधी विस्तवावर काळे होईस्तोवर भाजतात, आपण वाटणासाठी भाजतो तसेच. खारटपणा येतो मासळीच्या सॉसनं. म्हणून वास बिर्याणीच्या वाटेवरचा, आणि रस्सा मात्र इतका नितळ की तळाचे नूडल्स दिसावेत. फो जन्मला उत्तरेत, नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात, फ्रेंच अमलात, 20 व्या शतकाच्या सुरुवातीला. 1954 मध्ये देश दुभंगल्यावर दक्षिणेला गेलेल्या लोकांबरोबर तो सायगावात रुजला. तिथे तो गोडसर झाला, आणि सोबत पाल्याचं नि मोडांचं ताट आलं. हनोईत असलं काही फारसं मिळत नाही. लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरची आणि बुडवून खायला तळलेली पिठाची कांडी, बस.

बुन बोचा स्वभाव वेगळा. ह्वे हे मध्य व्हिएतनाममधलं गाव 1802 ते 1945 पर्यंत न्गुयेन घराण्याची राजधानी होतं. तिथल्या एका गल्लीत सकाळी साडेसहाला ठेंगण्या स्टुलावर बसले होते. पातेल्याचं झाकण निघालं आणि आधी आला गवती चहाचा वास. आपण चहात पात टाकतो, तिथे खालचा पांढरा दांडा ठेचून जुडीच्या जुडी रश्श्यात सोडतात. वर लाल तवंग, थेट मिसळीच्या कटासारखा. पण तो रंग बघून घाबरू नका. लाली मुख्यतः शेंदरी नावाच्या झाडाच्या बियांची असते. तिखटाची वाटी वेगळी ठेवलेली असते, झेपेल तेवढं घालावं.

सोबतच्या ताटलीत होतं केळफूल, केसाएवढं बारीक चिरलेलं. काळं पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवलेलं, आपल्याकडे ताकात ठेवतात तसं. मूठभर वाडग्यात ढकललं की ते मऊ न पडता रश्श्यातही कुरकुरीत राहतं. त्यावर लिंबू पिळलं की रस्सा उजळतो. इथे वरून घालणं हा पदार्थाचाच भाग आहे. म्हणूनच हा वाडगा मराठी माणसाला लवकर आपलासा वाटतो, असं माझं ठाम मत आहे.

पण दोन गोष्टी जाण्याआधी माहीत हव्यात. पहिली, वास. रश्श्यात आंबवलेल्या बारीक कोलंबीचा लगदा असतो. पाण्यात कालवून, निवळून, वरचं पाणीच घेतात, तरी दर्प जाणवतो. सुकट-जवळा घरात शिजतो त्या कोकणातल्या माणसाला तो भूक लावेल, पण सुक्या मासळीनं नाक मुरडणाऱ्याला पहिल्या वाडग्यातच नको. दुसरी, बुन बोच्या नावात बीफ (‘बो’) असलं तरी वाडग्यात डुकराचा पायही असतो आणि बऱ्याचदा थिजवलेल्या रक्ताचे गडद तुकडेही. गोव्याचं सोरपोतेल खाल्लेल्यांना त्याचं काही वाटणार नाही. रक्त नको असेल तर ‘खोंग ह्विएत’ म्हणायचं. डुकराचं मात्र टाळता येत नाही, कारण ते रश्श्यातच उतरलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही, त्यांचा प्रश्न इथेच सुटतो: फो.

बीफच नको असणारं कुणी सोबत असेल, तरीही फोच सोयीचा, कारण कोंबडीचा ‘फो गा’ सहज मिळतो आणि त्याचा रस्साही कोंबडीचाच असतो. शाकाहाऱ्यांनी पाटीवर ‘चाय’ हा शब्द शोधावा, उच्चार जवळपास असाच. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार पाळतात, तेव्हा अशा दुकानांत गर्दी असते.

नूडल्सचं थोडक्यात: फोचे चपटे नि मऊ, बुनचे गोल, जाड, निसटते. साध्या दुकानात दोन्हींचा दर साधारण 40 ते 70 हजार डोंग, म्हणजे दीडशे-अडीचशे रुपयांच्या आसपास. त्यामुळे पैशांवरून ठरवायचं कारण नाही.

प्रवासात एकच शहर असेल, तर तिथलंच खा. हनोईतला बुन बो किंवा ह्वेतला फो शोधत फिरू नका. दोन्ही शहरं असतील (मधे रेल्वेचे 688 किलोमीटर, रात्रीच्या गाडीनं आरामात होतात), तर तिखट आवडणाऱ्यानं आधी ह्वे गाठावं, मग हनोई. नाक हळवं असेल तर उलट.

हनोईत ‘फो चिन’ मागवा, म्हणजे पूर्ण शिजलेलं मांस येईल. ‘फो ताई’त कच्चट गुलाबी काप असतात, ते रश्श्याच्या उष्णतेवर शिजतात. ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. आणि ह्वेत आठच्या आत पोहोचा. चांगल्या दुकानात पातेलं रिकामं झालं की स्टुलं उचलतात.