बंद दाराआडची दुपार आणि कुत्र्यांची खाऊ-कोडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फाल्गुनात आम्ही शेतावरचे घर सोडून लातूर शहरात राहायला आलो, तेव्हा आमच्याबरोबर दोन कुत्रीही आली. बाजी हा चार वर्षांचा, कारवान जातीचा कुत्रा आणि चिंगी ही त्याच्याहून वर्षाने लहान असलेली गावठी कुत्री. शेतावर त्यांचा दिवस आपोआप भरत असे. बांधावरचे ससे, तुरीच्या ओळीतले उंदीर, येणारी-जाणारी माणसे आणि रात्रीची राखण यांतून दोघांना उसंत मिळत नसे. शहरात मात्र पारा चाळीस अंशांच्या वर गेला की सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर पंजा टेकवण्याची सोय उरत नाही, आणि संध्याकाळी सहापर्यंत दारे-खिडक्या लावून बसावे लागते. त्या आठ-नऊ तासांत बाजीने दोन उशा फाडल्या, तर चिंगीने तुळशीच्या कुंडीतली माती रोज उकरून ओसरीभर पसरली. रागावून उपयोग नव्हता, कारण दोघांचाही दोष नव्हता. त्यांच्या डोक्याला काम उरले नव्हते. म्हणून मी खाऊ काढून घेण्यासाठी खटपट करायला लावणारी खेळणी, म्हणजे ज्यांना दुकानांत ‘पझल टॉय’ म्हणतात ती, एकेक करून विकत घेतली. आठ महिने दोन अगदी भिन्न स्वभावांच्या कुत्र्यांना ती दिल्यानंतर जे दिसले, ते येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी घेतले ते काँग. आतून पोकळ, बाहेरून तीन गोळे एकावर एक ठेवल्यासारखे दिसणारे हे रबरी खेळणे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील जो मार्कहॅम यांनी १९७० च्या दशकात आणले. त्यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत असे. एकदा फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती चालू असताना तो गाडीच्या एका रबरी भागाच्या मागे लागला आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. वेडावाकडा आकार असल्यामुळे ते जमिनीवर पडले की कोणत्या दिशेला उसळेल याचा अंदाज येत नाही. लाल रबर सर्वसाधारण चावणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी, तर काळे त्याहून कडक रबर जोरात चावणाऱ्यांसाठी असते. मी बाजीसाठी मोठ्या मापाचे आणि चिंगीसाठी मध्यम मापाचे लाल खेळणे घेतले. किंमत हलकी नाही. दोन्ही मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात दोघांचे पंधरा दिवसांचे खाणे झाले असते.

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. भाकरी कुस्करून बिनमिठाच्या दह्यात कालवली, ती काँगमध्ये ठासून भरली आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांसमोर ठेवली. चिंगीने दहा मिनिटे चाटले आणि ती थकून बसली. बाजीने तर दोनदा हुंगून पाठ फिरवली. ही वस्तू कुत्र्यांना आवडत नाही, असा निष्कर्ष काढून ती अडगळीत टाकणारी कितीतरी घरे असतील. वास्तविक कुत्र्याला ‘येथे खटपट केली की खायला मिळते’ हे आधी शिकवावे लागते. मग मी उलट्या क्रमाने गेले. पहिला आठवडा फक्त कोरडे दाणे सैल भरले, जे नुसत्या धक्क्याने घरंगळून बाहेर पडत. दुसऱ्या आठवड्यात तोंडाशी दह्याचे बोट फिरवले. तिसऱ्या आठवड्यात भाकरी-दह्याचा काला भरला, पण तो गोठवला नाही. महिन्याने गोठवलेले काँग दिले तेव्हा चिंगीने ते पुढच्या दोन पंजांत उभे धरले, डोके तिरके केले आणि जीभ आत घालून पाऊण तास शांतपणे चाटत राहिली. बर्फ वितळून तिच्या पंजाखाली पाण्याचे छोटे थारोळे झाले होते आणि तेही तिने शेवटी चाटून घेतले. त्यानंतर ती जी झोपली, ती चार वाजेपर्यंत उठली नाही.

आईला मात्र हा प्रकार सुरुवातीला पटला नव्हता. ‘सरळ भाकर टाक की बाई त्यायला, कामून छळतीस मुक्या जिवाला?’ असे ती म्हणाली. तिचा प्रश्न मला क्षुल्लक वाटला नाही, कारण भुकेल्या जनावराचे अन्न अडवून ठेवणे ही खरोखरच वाईट गोष्ट आहे. समोर अन्न मोकळे ठेवलेले असतानाही काही प्राणी खटपट करून मिळणाऱ्या अन्नाकडे वळतात, हे ग्लेन जेन्सन यांनी १९६३ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. मात्र कुत्र्यांमध्ये ही ओढ सरसकट दिसत नाही. म्हणून मी घरातच पाहिले. एका बाजूला ताटली आणि दुसऱ्या बाजूला खेळणे ठेवले. चिंगीने आधी ताटली साफ केली आणि मग खेळण्याकडे गेली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की सकाळचे जेवण ताटलीतच द्यायचे आणि खेळण्यात फक्त दुपारचा वाटा भरायचा. कुत्रा उपाशी असेल तर कोडे सोडवताना तो चिडतो, खेळत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे भोक असलेला प्लास्टिकचा चेंडू, जो गडगडला की एकेक दाणा बाहेर टाकतो. येथे बाजीने मला चकित केले. कारवान हा नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करणारा कुत्रा आहे; आमच्याच जिल्ह्यातले जानवळ हे गाव या जातीसाठी ओळखले जाते. पडून राहिलेल्या काँगमध्ये त्याला रस नव्हता, पण चेंडू हलला मात्र, त्याचे कान उभे राहिले. नाकाने ढकलायचे, चेंडू कुठे जातो ते पाहायचे, धावत जाऊन दाणा उचलायचा आणि पुन्हा ढकलायचे, हे त्याला तीन दिवसांत जमले. कुत्र्याची जात आणि त्याची कामाची रीत पाहून खेळणे निवडावे, हे मला या चेंडूने शिकवले. त्याचा आणखी एक लाभ असा की बाजी पूर्वी ताटलीतले अन्न मिनिटभरात गिळत असे, ते आता वीस मिनिटे पुरते. खोल छातीच्या कुत्र्यांना जठराला पीळ पडण्याचा धोका अधिक असतो आणि घाईघाईने खाणे हे त्याचे एक कारण मानले जाते, त्यामुळे हा फरक मला मोलाचा वाटतो. दोष एकच, पण मोठा: शहाबादी फरशीवर कडक प्लास्टिकचा आवाज असह्य होतो. शेजारच्या काकूंनी दुपारच्या झोपेची तक्रार केल्यावर मी खाली जुनी सतरंजी अंथरू लागले.

खणांतला खाऊ झाकणे सरकवून काढायला लावणाऱ्या पटाबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. अशा पटांना स्वीडनच्या नीना ऑटोसन यांनी जगभर नाव मिळवून दिले. मी घेतलेला पट त्यांचा नव्हता, स्वस्तात मिळालेली नक्कल होती. चौथ्या दिवशी एका झाकणाची खुंटी निखळली आणि चिंगीच्या दाढेत सापडली. मी समोर बसले होते म्हणून ती गिळली गेली नाही. कुत्र्याने वापरलेली वस्तू परत घेत नाही, असे विक्रेत्याने कळवले. सुटे भाग असलेले कोणतेही खेळणे कुत्र्याच्या ताब्यात देऊन स्वयंपाकघरात निघून जाऊ नये, हे मी आता काटेकोरपणे पाळते. हुंगून खाऊ शोधण्याची चटई मी विकत घेतलीच नाही. रबरी पायपुसण्याच्या भोकांतून जुन्या साडीच्या पट्ट्या ओवून ती घरीच केली आणि चिंगीला ती विकतच्या पटापेक्षा अधिक आवडते.

आत काय भरायचे याबाबत हयगय चालत नाही. गाजराचे तुकडे, उकडलेले अंडे, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे थोडे, पनीर आणि ज्वारीची वाळलेली भाकरी हे आमच्या घरात चालते. द्राक्षे आणि बेदाणे मात्र कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावांचा माल हंगामात आमच्या बाजारात ढिगाने येतो आणि प्रसादाच्या वाटीत बेदाणे असतातच, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. कांदा, लसूण आणि चॉकलेट वर्ज्य. शेंगदाण्याचे बटर विकत आणणार असाल तर डब्यावर झायलिटॉल हा शब्द आहे का ते आधी वाचा. साखर नसलेल्या काही पदार्थांत हा गोडवा वापरतात आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. दिवसाच्या एकूण आहारात वरखाऊचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त नसावा, असे पशुवैद्य सांगतात, म्हणून मी शक्यतो रोजचेच अन्न खेळण्यात भरते.

धुण्याचा विचार खरेदीपूर्वी करावा. काँगच्या तळाशी दह्याचा थर राहिला की अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागते. ज्या शहराने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तेथे एका खेळण्यासाठी नळ सोडून ठेवणे मनाला पटत नाही. मी तांदूळ धुतलेल्या पाण्यात ते भिजत ठेवते, बाटली घासायच्या ब्रशने घासते आणि शेवटी एक तांब्याभर स्वच्छ पाणी ओतते. चेंडू दोन भागांत उघडतो, त्यामुळे तो याहून सोपा आहे.

आठ महिन्यांत संध्याकाळचे फिरणे एकदाही टळू दिले नाही, कारण खेळणे त्याची जागा घेत नाही. पाऊस असला तरी दोघे दाराशी येऊन उभी राहतातच. उशा मात्र शाबूत आहेत. बाजीच्या काँगच्या कडेवर आता दातांच्या बारीक खुणा दिसतात. दर रविवारी धुताना मी ती कड नखाने ओढून पाहते. अजून तुकडा सुटत नाही, परंतु ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी ते बाद करून पुढचे काळ्या रबराचे आणायचे ठरवले आहे.