मायक्रोटिक सीसीआर२११६: चालू लाइनवर प्लॅन बदलतो का?

कोकणातल्या केबलवाल्याला राउटर दाखवताना विक्रेता पोर्ट मोजून दाखवतो. लांजा, गुहागर किंवा सावंतवाडीत पाच-सातशे कनेक्शनं सांभाळणाऱ्याची अडचण मात्र पोर्टांची नसते. श्रावण उतरणीला लागला की मुंबईहून फोन सुरू होतात: वर्षभर बंद असलेलं घर उघडायचंय, गणपतीपुरतं नेट पाहिजे. शेजारच्याला ५० एमबीपीएसची लाइन ११ दिवसांसाठी १०० करून हवी असते, कारण घरात चाकरमानी भरलेत आणि त्यातले दोघे लॅपटॉप घेऊन आलेत. हे सगळं राउटरला हात न लावता, चालू लाइन न तोडता होतं का, या कसोटीवर हे परीक्षण आहे.

यंत्राची ओळख थोडक्यात. लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचा हा रॅकमधला एका युनिटचा राउटर. १६ कोअरचा २ गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १३ गिगाबिट पोर्ट, चार १० गिगाबिटचे एसएफपी प्लस (फायबरचे) पोर्ट, आणि वीज घ्यायला दोन जागा. सॉफ्टवेअरचा लेव्हल ६ परवाना सोबतच येतो, त्यामुळे पीपीपीओई (ग्राहकाने युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून जोडायची पद्धत) सेशनच्या, म्हणजे चालू जोडण्यांच्या, संख्येवर परवान्याची मर्यादा नाही. लेव्हल ४च्या स्वस्त मॉडेलवर ती २०० असते, लेव्हल ५वर ५००. ग्राहकामागे वेगळी फीही नाही. छोट्या ऑपरेटरसाठी हा एकच मुद्दा निम्मा निर्णय करून टाकतो. पण जाहिरातीतलं हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरऐवजी स्विच चिपने पॅकेट पुढे पाठवणं) पीपीपीओईला लागू नाही. प्रत्येक पॅकेट प्रोसेसरमधूनच जातं, म्हणून डेटाशीटवरचा सर्वात मोठा आकडा आपल्या कामाचा समजू नये.

आता मूळ विषय. पीपीपीओईमध्ये सेवा निवडायची सोय मुळातच आहे: ग्राहकाचं यंत्र पहिल्या हाकेत सर्व्हिस-नेम पाठवू शकतं. राउटरओएसमध्ये, म्हणजे मायक्रोटिकच्या राउटर सॉफ्टवेअरमध्ये, पीपीपीओई सर्व्हरला असं नाव देता येतं, आणि काही जण ‘घर’ आणि ‘होमस्टे’ अशी दोन नावं ठेवून प्लॅन वेगळे करू पाहतात. ते टिकत नाही. ग्राहकाने नाव रिकामं ठेवलं तरी हा सर्व्हर त्याला घेतो, आणि घरोघरचे बहुतेक ओएनयू (ग्राहकाच्या घरातली फायबरची पेटी) नाव रिकामंच ठेवतात. तेव्हा सर्व्हिस-नेमचा उपयोग ओएलटीगणिक (ओएलटी म्हणजे ऑपरेटरकडची, सगळे ओएनयू जिला जोडलेले असतात ती पेटी) व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवरचं वेगळं नेटवर्क, ओळखण्यापुरता ठेवावा. प्लॅन कोणता हे युजरनेमवरून रेडियसने, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या आणि हिशोब ठेवणाऱ्या सर्व्हरने, ठरवायचं. राउटरवर एकही प्लॅन हाताने बांधू नये.

जुळणी फार लांब नाही. ओएलटीकडून येणाऱ्या प्रत्येक व्हीलॅनवर पीपीपीओई सर्व्हर लावायचा आणि त्या इंटरफेसला आयपी पत्ता द्यायचा नाही. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ ठेवायचा आणि प्रोफाइलमध्ये टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाची कमाल लांबी) बदलण्याची सोय चालू ठेवायची. ती राहून गेली की सगळं नेट चालतं, फक्त एखाद्या बँकेची साइट अर्धवट उघडून थांबते, आणि दोष बँकेच्या माथी जातो. पीपीपीच्या एएए (लॉगिन आणि हिशोबाच्या) भागात रेडियस आणि अकाउंटिंग दोन्ही चालू करायचं, मधला हिशोब दर ५ मिनिटांनी मागवायचा. रेडियसचे पोर्ट १८१२ आणि १८१३. याशिवाय रेडियसच्या ‘इनकमिंग’ भागात ३७९९ पोर्टवर स्वीकार चालू करायचा; चालू सेशन बदलायचे रेडियसचे आदेश इथूनच येतात. हा खटका मुळात बंद असतो आणि सगळ्यात जास्त तोच विसरला जातो. फायरवॉलमध्ये ३७९९ फक्त रेडियसच्या आयपीला उघडा ठेवावा.

वेग ठरतो रेडियसने पाठवलेल्या मायक्रोटिक-रेट-लिमिट या एका ओळीने, आणि तिची दिशा राउटरच्या बाजूने वाचायची असते. पहिला आकडा राउटरकडे येणारा, म्हणजे ग्राहकाचा अपलोड, दुसरा डाउनलोड. ‘२०एम/१००एम’ म्हणजे २० अपलोड, १०० डाउनलोड. उलटं लिहिलं तर १००चे पैसे भरलेल्याला २० मिळतात. ५०/५० अशा सारख्या प्लॅनवर ही चूक कधीच दिसत नाही. वर्षभर बिनबोभाट चाललेली यंत्रणा पहिला असमान प्लॅन आला की एकदम ‘बिघडते’, म्हणून नवा प्लॅन काढताना आधी ही ओळ तपासावी.

त्याच ओळीत बर्स्ट, म्हणजे थोड्या वेळापुरता जादा वेग, हाही देता येतो: ‘५०एम/५०एम ८०एम/८०एम ४०एम/४०एम १६/१६’ (मूळ वेग, बर्स्टचा वेग, सरासरीचा उंबरठा, सेकंद). इथला १६ हा बर्स्ट टिकण्याचा वेळ नव्हे, सरासरी काढायची खिडकी आहे. लाइन शांत असताना पूर्ण ताणाने डाउनलोड सुरू केलं तर ८०चा वेग ४० गुणिले १६ भागिले ८०, म्हणजे ८ सेकंद मिळतो, मग ५०. उंबरठा नेहमी मूळ वेगाखाली ठेवावा. तो ५०च्या वर गेला की सरासरी पुन्हा पुन्हा त्याखाली येते आणि बर्स्ट परत परत सुरू होत राहतो.

ही ओळ आली की राउटर त्या ग्राहकासाठी आपोआप सिंपल क्यू, म्हणजे वेग आवरणारी रांग, बनवतो. तिचा मुळातला प्रकार १० पॅकेटांचा आहे, १०० एमबीपीएसच्या प्लॅनला तो तोकडा पडतो. पीपीपी प्रोफाइलमध्ये क्यूचा प्रकार बदलता येतो. राउटरओएस ७मध्ये एफक्यू-कोडेल आणि केक हे रांग हुशारीने चालवणारे दोन्ही प्रकार आहेत. केक प्रोसेसरला जड, एफक्यू-कोडेल हलका. शेकडो ग्राहकांसाठी आमची पसंती एफक्यू-कोडेलला. फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (पॅकेट जवळच्या वाटेने सोडण्याचा) नियम मात्र कुठेही नको. घरगुती राउटरची कॉन्फिग उतरवून आणली की तो सोबत येतो, त्यातून गेलेली कनेक्शनं सिंपल क्यूला टाळतात, आणि ३०च्या प्लॅनवर लाइनचा पूर्ण वेग मिळायला लागतो. ग्राहक ही तक्रार करत नाही, म्हणून ती महिनोन्महिने कळत नाही.

प्लॅन बदलताना या राउटरची खरी परीक्षा होते. रेडियसकडून सीओए (चालू सेशन बदलायचा आदेश) पाठवला की चालू सेशनवर वेग बदलतो: व्हिडिओ कॉल तुटत नाही, आयपी तोच राहतो, क्यूमधले आकडे तेवढे बदलतात. ५०चे १०० करायला हे उत्तम आहे. पण आयपी पत्ता, पूल (पत्त्यांचा साठा) किंवा रूट सीओएने बदलत नाही. त्यासाठी डिस्कनेक्ट पाठवून ग्राहकाला पुन्हा लॉगिन करायला लावावं लागतं. म्हणून प्लॅनची आखणीच अशी असावी की वेग बदलला तरी पूल बदलणार नाही. ‘सिल्व्हरला हा पूल, गोल्डला तो’ अशी रचना आधीपासून असेल तर ती मोडून सगळ्या चालू ग्राहकांना एकच पूल द्यावा.

सीओए नाकारला गेला आणि कारणाचा क्रमांक ५०३ दिसला, तर रेडियस ज्या सेशनबद्दल बोलतोय ते राउटरवर नाही. वीज जाऊन राउटर बंद पडला की ‘सेशन संपलं’ हा निरोप जातच नाही आणि रेडियसच्या टेबलात जुनी नोंद उघडी राहते. एका वेळी एकच लॉगिन अशी अट असेल तर त्या नोंदीमुळे ग्राहक बाहेरच अडकतो. दर ५ मिनिटांनी हिशोब येत असेल, तर १५ मिनिटं काहीच न आलेली सेशनं बंद करणारं छोटं काम सर्व्हरवर लावून ठेवावं. फीडरची वीज परत आल्यावर सगळे ओएनयू एकदम धडकतात, तेव्हा रेडियसचा मूळ ३०० मिलिसेकंदांचा टाइमआउट पुरत नाही. तो २ ते ३ सेकंद करावा. रेडियस मुंबईच्या क्लाउडवर असेल तर एक जोडीचा सर्व्हर इथे, त्याच रॅकमध्ये हवाच. पावसात बाहेरची फायबर तुटली की नवं लॉगिन होत नाही, आणि मग गावातल्या गावात चालणारा कॅमेराही बंद पडतो.

थकीत ग्राहकाचं काय करायचं याबद्दल ठाम मत आहे. लॉगिन नाकारू नये. नाकारलं की ओएनयू सारखा दार ठोठावत राहतो आणि रेडियसची नोंदवही त्यानेच भरते. पैसे भरायच्या पानापुरतं नेट उघडं ठेवायचं, ही शहरातली पद्धत आहे. तिथे ग्राहक मोबाइलच्या नेटवरून यूपीआय करून मोकळा होतो. इथे घाटाच्या कुशीतल्या वाडीत मोबाइलला रेंज नसते, यूपीआयही याच वायफायवरून व्हायचं असतं, आणि यूपीआय ॲपमागचे सर्व्हर इतके पसरलेले की त्यांची यादी पुरी होत नाही. एचटीटीपीएसचं पान वळवायला गेलं की ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवतो, म्हणजे तो मार्गही बंद. त्यापेक्षा मुदत संपल्यावर दोन दिवस पूर्ण नेट, पण ५१२ केबीपीएसने द्यावं. त्यात व्हिडिओ चालत नाही, पैसे मात्र जातात. पैसे जमा झाले की सीओएने वेग पूर्ववत, पूल तोच. मुदत संपायची वेळ मध्यरात्रीची ठेवू नये; सकाळी ११ची ठेवावी, ऑफिस उघडं असतं.

गणपतीच्या प्लॅनसाठी रेडियसमध्ये ७ आणि ११ दिवसांचे दोन गट करावेत आणि मुदत पहिल्या लॉगिनपासून मोजावी. फ्रीरेडियस या रेडियस सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पायर-ऑन-लॉगिन नावाचा मोजणीदार त्यासाठीच आहे. मग कनेक्शन आठवडाभर आधी तयार करून ठेवता येतं आणि चाकरमानी ज्या रात्री घर उघडेल तेव्हापासून दिवस लागतात. या गटाला मायक्रोटिक-ग्रुपने वेगळं प्रोफाइल द्यावं आणि त्या प्रोफाइलला पॅरेंट क्यू, म्हणजे सगळ्या गटाची मिळून एक वरची रांग, समजा १ गिगाबिटची. म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत बारमाही ग्राहकाची लाइन दबत नाही. पॅरेंट फक्त याच गटाला. सगळेच ग्राहक एका पॅरेंटखाली घातले तर काम १६ कोअरमध्ये नीट वाटलं जात नाही.

उणीव एक आहे आणि ती मोठी आहे. एकाच सेशनवर इंटरनेट, टीव्ही आणि फोन अशा सेवा स्वतंत्रपणे चालू-बंद करून प्रत्येकीचा वेगळा हिशोब ठेवणं जुनिपरच्या एमएक्स मालिकेसारख्या बीएनजीवर (मोठ्या कंपन्यांच्या, ग्राहक जोडणाऱ्या राउटरवर) होतं, इथे होत नाही. इथे एका सेशनला एक हिशोब. ज्याला आयपीटीव्ही त्याच लाइनवर विकायचं आहे त्याने हा राउटर घेऊ नये, किंवा टीव्हीला वेगळा व्हीलॅन द्यायची तयारी ठेवावी. फक्त इंटरनेट विकणाऱ्याने निःशंक घ्यावा.

बसवताना दोन वीजजोडण्या दोन वेगळ्या यूपीएसवर द्याव्यात. मालवण, हर्णैसारख्या खाऱ्या हवेत पंखे ती हवा आत ओढतात, रिकाम्या एसएफपी जागांना टोप्या लावाव्यात. जांभ्यात अर्थिंग मुळात नीट लागत नाही, उन्हाळ्यात खडक सुकला की आणखी बिघडतं, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. खड्डा बेंटोनाइटने भरावा, रोध मे महिन्यात मोजावा, आणि टॉवरवरून येणारी तार तांब्याची न ठेवता फायबरची करावी.

चतुर्थीच्या महिनाभर आधी राउटरओएस अपडेट करणं थांबवावं. आठवडाभर आधी एक चाचणीचा युजर लॉगिन करून १० मिनिटं व्हिडिओ कॉलवर ठेवावा, रेडियसवरून ५०चे १०० करावेत आणि तीन गोष्टी पाहाव्यात: कॉल तुटला का, सिंपल क्यूमध्ये आकडे बदलले का, आणि पुढच्या ५ मिनिटांच्या हिशोबात सेशन आयडी तोच आहे का. मग राउटरची वीज काढून पुन्हा लावावी आणि तोच युजर किती मिनिटांत परत आत येतो ते घड्याळावर मोजावं.