एचआयव्ही लसीवरचं ऑनलाइन सेशन: चार स्टार, पाचवा मुद्दाम कापलाय

१८ मे हा एचआयव्ही लस जागृती दिवस असतो हे मला यंदा कळलं, तेही मैत्रिणीने लिंक टाकली म्हणून. दीड तासाचं सेशन, फुकट. म्हटलं नेहमीचंच असणार, कॅमेरा बंद ठेवून भांडी घासत ऐकू. विसाव्या मिनिटाला नळ बंद करून स्क्रीनसमोर येऊन बसले.

कारण सेशन घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातच फसलेल्या गोष्टींपासून केली. १९८४ ला अमेरिकेच्या आरोग्यमंत्री म्हणाल्या होत्या, साधारण दोन वर्षांत लस चाचणीला तयार होईल अशी आशा आहे. मग थायलंडची चाचणी, १६ हजारांवर स्वयंसेवक, २००९ ला निकाल आला तर संरक्षण जेमतेम ३१ टक्के, त्याच धाग्यावर दक्षिण आफ्रिकेत पुढची चाचणी केली ती २०२० ला थांबवली, आणि मोझाइको नावाची आणखी एक २०२३ ला. एवढं सांगून वर लसीच्या संशोधनाला पाठिंबा मागायचा म्हणजे धाडसच, पण माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. अडतंय कुठे तेही मस्त सांगितलं: गोवरातून शरीर आपलं आपण बरं होतं, लस त्याचीच नक्कल करते, एचआयव्हीत तसं होतच नाही, मग नक्कल करायची कशाची? त्यात हा विषाणू एकाच माणसाच्या अंगात सतत रूप बदलत राहतो.

मध्येच त्यांनी एड्स जागृतीची लाल रिबन उलटी करून लावून दाखवली, व्हॅक्सिनचा व्ही होतो म्हणे, तेवढ्यात पिन टोचली आणि माइकवर मोठ्याने "आई गं!" सगळं चॅट हसत सुटलं.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून दर सहा महिन्यांनी घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन आलंय मग लस कशाला, असं एकाने विचारलं. ते औषध आहे, घेत राहावं लागतं, थांबलं की संरक्षण संपत जातं, असं सरळ उत्तर मिळालं.

आता तक्रार. चाचणीतल्या लसीमुळे एचआयव्ही होतो का, हा प्रश्न शेवटच्या तीन मिनिटांत घेतला. होत नाही, त्यात अख्खा एचआयव्ही नसतोच, त्याचे कृत्रिम तुकडे किंवा ते तुकडे बनवायची कृती असते. पण लसीमुळे अँटिबॉडी तयार झाल्या तर त्याच शोधणारी नेहमीची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, लागण नसताना! खरं काय ते बघायला थेट विषाणू शोधणारी वेगळी टेस्ट करावी लागते. कुणीतरी लगेच टाइप केलं, "नोकरीच्या मेडिकलमध्ये अशी आली तर?" आणि तिथेच आभार मानायचं म्युझिक सुरू. अहो, स्वयंसेवक व्हायला माणूस घाबरतो ते नेमकं इथेच ना! शेवटच्या स्लाइडवर "पाठिंबा द्या" आणि खाली फक्त शेअरचं बटण.

याच एका प्रश्नावर वेगळं सेशन ठेवा असं मेल केलंय मी. "आपला अभिप्राय मिळाला" एवढं ऑटोमॅटिक उत्तर आलंय, बघू.