६.३ व्होल्ट ३ अँपियर म्हणून आलेला ट्रान्सफॉर्मर आणि माझे १४५० रुपये

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा, जुन्या रेडिओत असायचा तो) पहिलाच अँप्लिफायर बनवताय आणि ट्रान्सफॉर्मर फोनवरून मागवणार असाल तर आधी हे वाचा, मी कुडाळात बसून १४५० रुपयांना गंडलोय, वर तीन आठवडे स्वतःलाच शिव्या घातल्या ते वेगळंच.

माझं प्रोजेक्ट साधं होतं, दोन इएल८४ आणि एक इसीसी८३ व्हॉल्व्ह, छोटासा स्टिरिओ. हीटरचा, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचा, हिशोब सोपा आहे, इएल८४ ला ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपियर लागतो, असे दोन, आणि इसीसी८३ चे ०.३, म्हणजे एकूण १.८२. म्हटलं ३ अँपियरचा घेऊ, गरम होणार नाही. एकाने एका ग्रुपवर नंबर दिला, त्या माणसाशी बोललो तर अगदी गोड, "दादा प्युअर कॉपर, हाताने वाइंड केलेला, मी व्हिडिओच पाठवतो ना". व्हिडिओत मल्टीमीटरवर ६.८ दिसत होते. मी खूश, थोडे जास्तच आहेत, लोड आला की उतरतील ६.३ वर. पैसे आगाऊ यूपीआयने टाकले, चार दिवसांनी पार्सल एसटीने डेपोत आलं. इथपर्यंत सगळं ठीक.

एचटी (व्हॉल्व्हला लागणारा हाय व्होल्टेज सप्लाय) लांबच ठेवला होता, २५० व्होल्टशी खेळायची हिंमत नव्हती, आधी नुसते हीटर पेटवून बघूया म्हटलं. पेटले पण कसे, तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखे, दिवा मालवल्याशिवाय दिसेनातच. बेसच्या पिनांवर मीटर एसीला लावून मोजलं तर ४.७. वायरी काढल्या की परत ६.८. आता नवशिक्याला पहिला संशय कोणावर येणार, स्वतःवरच. इसीसी८३ ला ६.३ द्यायचे तर ४ आणि ५ नंबर पिन जोडून एक टोक आणि ९ नंबर दुसरं टोक, ते दहा वेळा बघितलं. पिन खालच्या बाजूने घड्याळाच्या दिशेने मोजायच्या की वरून ह्यात एक संध्याकाळ गेली (खालून). सोल्डर सगळं उपटून परत केलं, वायर जाड टाकली. फरक शून्य.

मग विक्रेत्याला फोन लावला. त्याची उत्तरं लिहून ठेवण्यासारखी आहेत. पहिलं, "तुमच्या कोकणात लाईटला व्होल्टेजच नसतं". हे ऐकून मी पण वरमलो कारण पावसात संध्याकाळी आमच्याकडे २००-२०५ असतंच, पण सकाळी प्लगला २२८ मोजले तरी हीटरवर ४.७ च्या वर काय जाईना. दुसरं, "समुद्राची खारी हवा लागते वाइंडिंगला". अहो पार्सल उघडून दोन दिवस झाले होते, आणि कुडाळ काय किनाऱ्यावर आहे? तिसरं मात्र हुशारीचं, "व्हॉल्व्ह थंड असताना करंट जास्त ओढतो, आठवडाभर चालवा, सेट होईल". ह्यातलं अर्धं खरं आहे म्हणून मी फसलो. हीटरचं फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स खूप कमी असतो आणि सुरुवातीला काही पट करंट जातो, पण ते काही सेकंदांचं काम, अर्ध्या मिनिटात व्होल्टेज जागेवर यायला पाहिजे. आठवड्याने नाही. मी आठवडाभर रोज तासतास पेटवून बसलो, कमी व्होल्टवर व्हॉल्व्ह चालवणं कॅथोडला चांगलं नसतं हे नंतर कळलं, नशीब एचटी दिला नव्हता.

शेवटी बाजारात मोटर आणि पंप वाइंडिंग करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी मीटर बाहेरच काढला नाही, नुसता हातात घेऊन खालीवर केला आणि म्हणाले, "अरे मेल्या, ह्यो तीन अँपियरचो? ह्येच्यात लोखंड खंय आसा?" शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला, ३१० ग्रॅम. ह्या साइजचा खरा माल अर्धा किलोच्या आसपास तरी भरतो म्हणाले. मग सेकंडरीचं, म्हणजे ६.३ व्होल्ट देणाऱ्या वाइंडिंगचं, टोक ब्लेडने खरवडलं. वरून लालसर, तांब्यासारखं, आत पांढरं चकचकीत. अ‍ॅल्युमिनियम. वर फक्त लाल इनॅमल. सोल्डरिंग लावून दाखवलं, शिसं थेंबासारखं घरंगळून गेलं, तारेला चिकटलंच नाही. गेज बघितला तर २४ (आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). तीन अँपियरला १८ गेज तरी पाहिजे, आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त. दोन व्होल्ट तारेतच मरत होते तर हीटरला काय मिळणार. "येडो केल्यान रे तुका," एवढंच बोलले.

काकांनी आणखी एक दाखवलं ते सगळ्यांनी करा. स्कूटरचा जुना १२ व्होल्ट ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब ६.३ च्या टोकांना लावायचा, तो साधारण २ अँपियर खातो, आणि बल्ब पेटलेला असताना मोजायचं. माझा ४.६ वर आला आणि दहा मिनिटांत हात लावता येईना इतका तापला. रिवाइंड पण करता येणार नव्हता, त्या चिमुकल्या कोअरमध्ये १८ ची तार बसतच नाही. मग त्यांनीच भंगारातल्या स्टॅबिलायझरच्या कोअरवर नवीन वाइंड करून दिला, ७०० रुपयांत, तोच बल्ब लावून ६.४.

पैशांसाठी फोन केला तर "माल चेक करूनच घ्यायचा होता" आणि नंतर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीय, बघू. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवल्यामुळे निदान तेवढं तरी करता आलं.

परवा देवगडच्या एका मित्राने मला एक व्हिडिओ फॉरवर्ड केला, "हा घेऊ का रे अँपला?" तोच मल्टीमीटर, तेच ६.८, त्याच टेबलावर. त्याला म्हटलं, स्कूटरचा बल्ब लावून व्हिडिओ पाठवा असं सांग. संध्याकाळी त्याने उत्तर दाखवलं: "बल्ब लावून आम्ही चेक करत नाही सर, ट्रान्सफॉर्मर खराब होतो."