पद्मिनी घरी आल्यानंतरचे आठ महिने

नोव्हेंबरात १९८६ची प्रीमियर पद्मिनी घेतली. आता जुलै उजाडलाय, तीनेक हजार किलोमीटर झालेत. कुणी जुनी गाडी घेत असेल तर माझं पहिलं सांगणं एकच: सुरुवातीचे पैसे रबरावर घाला, रंगावर नको.

माझ्या गाडीचा रंग सुरेख होता. पण पेट्रोलचा पाइप वाकवून बघितला तर भेगाच भेगा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इंजिन तापलेलं असताना तो पाइप फुटला असता तर काय, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी पेट्रोलचे सगळे पाइप, रेडिएटरचे होज, क्लिपा आणि फॅन बेल्ट बदलले. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट हे तर करायचंच.

ब्रेकचा अनुभव मात्र नीट सांगतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकामागच्या डब्यात आतून दाबणारे. ज्यांनी गाडी तपासून दिली ते म्हणाले होते, "ब्रेक बघितलेत, बिनधास्त चालवा." तिसऱ्या दिवशी मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला. ड्रम उतरवला तर व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याचं) रबर गेलेलं आणि ब्रेक ऑइल थेट लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर उतरलेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, गाडी उभी राहिली की सिलिंडर आतून गंजतात, आणि तो गंज रबर खातो. म्हणून चारही चाकं उघडून घ्या, तोंडी भरवशावर राहू नका. सिलिंडर, लायनर पुण्याच्या नाना पेठेत मिळाले.

हत्यारांचं म्हणाल तर पद्मिनीचं मूळ फियाटचं, त्यामुळे नटबोल्ट मिलिमीटरचे. अँबॅसिडरवाल्या मित्राचे इंची पाने इथे चालत नाहीत. मी आधी स्वस्तातला सेट आणला. त्यातला १३चा फिक्स पाना एक्झॉस्टच्या नटावर घसरला आणि नटाचे कोपरेच गेले. मग ८ ते १९चे चांगले रिंग पाने घेतले, शिवाय प्लग पाना, टेस्ट लॅम्प, ग्रीस गन आणि दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

सगळ्यात जास्त कामी आलं ते फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या. फेब्रुवारीत गाडी चढावर अडखळायला लागली. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढलं तर पॉइंटच्या, म्हणजे आतल्या उघडझाप करणाऱ्या स्विचच्या, एका बाजूला तीळभर उंचवटा, समोर तेवढाच खड्डा. पॉइंट आणि त्यावरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर दोन्ही नवे टाकले. पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत ठेवला, गेजची पट्टी त्यात किंचित अडत सरकली पाहिजे. प्लगच्या वायरी काढण्याआधी चिकटपट्टी लावून नंबर टाकले होते, कारण फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ आहे. चावी फिरवली आणि इंजिन असं गोड लागलं की वीस मिनिटं नुसता ऐकत उभा होतो.

मे महिन्यात खंबाटकी घाटात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप तापून गाडी बंद पडली. ओलं फडकं पंपावर ठेवलं, पंधरा मिनिटांत चालू. तेव्हापासून बाटलीभर पाणी आणि फडकं डिकीत असतंच.

दारांची रबरं अजून बाकी आहेत. पावसात डावीकडून पाणी आत येतं, म्हणून पत्रा सुकत राहावा यासाठी कार्पेट काढून ठेवलंय.